त्या ठरावावर माझा हात वर होता

ये, जवळ ये. आणि हे वाचेपर्यंत तो फोन जरा तोंडासमोरून बाजूला कर गं. एवढं लांब राहतेस, समोर दिसतेस तेवढ्यात अर्धं लक्ष दुसरीकडे. आजी बोलते तेव्हा "हं, हं" करत भांडी घासायची ही सवय तुला तिकडे लागली, आमच्या घरात नव्हती. त्या रविवारीसुद्धा मी काहीतरी बोलले आणि तू तोंड फुगवून फोन ठेवून दिलास. आज बारा दिवस फोन नाही. बरं, तू नाही केलास तर मी करायचा ना? मीही नाही केला. का नाही केला, ते सांगायला आज वहीत हे पत्र लिहायला बसले आहे. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, सावकाश वाच.

तू त्या दिवशी फोन केलास तेव्हा इथं दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं, तुझ्याकडे सकाळ होती. डोळे सुजलेले होते तुझे. मला वाटलं, त्या म्हाताऱ्यांच्या घरात, तू काम करतेस तिथं, कोणीतरी गेलं असेल. तू म्हणालीस, "आजी, कोणी नाही गेलं. आमच्या खासदारानं माझ्या विरोधात मत दिलं."

मला आधी काही कळेना. खासदार तो, विलायतेचा. तू कोण, सुरतच्या नवागामची पोर. तो तुझ्या विरोधात कशाला मत देईल?

मग तू सगळं सांगितलंस. तो मागच्या थंडीत तुमच्या त्या घरात आला होता. एका आजोबांच्या पायाशी बसून त्यांना मोजे घालून दिले. तुझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुमच्यासारख्या मुलींवर आमचं घरदार उभं आहे, मी तुमच्यासाठी बोलेन. तू मला तेव्हा फोटोही धाडला होतास. उंच, पुढचे केस विरळ झालेला, आपल्या उधन्याच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांसारखा दिसणारा. तुला तिथं मत देता येतं ह्याचं मला अजून नवल वाटतं, आणि तू आयुष्यातलं पहिलं मत त्यालाच दिलंस. आणि आता तिथल्या संसदेत विषय आला, की बाहेरून कामाला आलेल्यांना पक्कं राहायची परवानगी मिळायला थांबावं लागतं, ती वर्षं वाढवायची. तो "हो" म्हणणाऱ्यांत गेला. तुझी वर्षं वाढवणाऱ्यांत.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"आजी, सगळं लिहिलेलं असतं. नावानिशी. कोणीही बघू शकतं."

मग तू मला ते समजावून सांगितलंस, आणि खरं सांगते, तुझं दुःख मी क्षणभर विसरले. तिथं म्हणे हात वर करत नाहीत. घंटा वाजते. आठ मिनिटांत सगळ्यांनी जागेवरून उठायचं आणि चालत जायचं. एका बाजूच्या दारानं "हो"वाले, दुसऱ्या बाजूच्या दारानं "नाही"वाले. दारातून जाताना नाव लागतं. म्हणजे एवढा मोठा माणूस, पण त्याला स्वतःच्या पायांनी चालत जाऊन सांगावं लागतं, मी कुठल्या बाजूचा. कोणाच्या पाठीमागे लपून हात अर्धाच वर करायची सोय नाही. आणि पक्षाची माणसं असतात, आपला गडी बरोबर दारानं जातो की नाही ते बघायला. पक्ष आधी कागद पाठवतो, आणि ज्या मतदानाला अजिबात इकडचं तिकडं चालणार नाही त्याच्याखाली तीन रेघा मारलेल्या असतात.

"तीन रेघा?" मी हसले. "आमच्या सोसायटीच्या सभेत आबांनी एक भुवई उचलली तरी पुरायचं."

तू हसली नाहीस. त्याला लिहून ठेवलेलं रागाचं पत्र मला वाचून दाखवलंस, मग त्याची सगळी मतं उघडून वाचायला लागलीस. पक्षासोबत, पक्षासोबत, पक्षासोबत. पाढे म्हणावे तसं. मी विचारलं, "एकदाही वेगळा नाही गेला का गं?"

तू बराच वेळ बोटानं खाली सरकवत राहिलीस. मग म्हणालीस, एकदा. बऱ्याच वर्षांपूर्वी. त्याच्या गावातला बाळंतिणींचा वॉर्ड बंद होणार होता, तेव्हा पक्षानं सांगितलेल्या दारानं तो गेला नाही. मग त्याच्याकडे काही छोटंसं पद होतं, ते गेलं. त्यानंतर पुन्हा एकदाही नाही.

आणि इथंच मी म्हणाले, "बिचारा."

बस, एवढंच म्हणाले. तू म्हणालीस, "आजी, तू त्याची बाजू घेतेस? त्यानं माझा हात धरून खोटं सांगितलं." मी म्हणाले, "खोटं नसेल सांगितलं. तेव्हा खरंच वाटलं असेल त्याला." तुझा चेहरा बदलला आणि पडदा काळा झाला.

पोरी, मी त्याची बाजू घेत नव्हते. मी माझी घेत होते. ते तुला कसं ठाऊक असणार.

तुला आपल्या भिंतीला लागून राहायची ती मावशी आठवते ना? तुझ्या बालपणी तुला भाकरीवर तेल-तिखट लावून द्यायची ती. नवरा रेल्वेत होता तिचा, लवकर गेला. ती आणि मी, दोघी एकाच तालुक्यातल्या. सुरतला आल्यावर घरात बसून साडीवर टिकल्या चिकटवायचं काम दोघींनी एकाच आठवड्यात धरलं. दुपारी दोघींच्या घरांचं मधलं दार उघडं ठेवून, एक साडी तिच्या ओट्यावरून माझ्या ओट्यापर्यंत पसरलेली. गावाची भाषा बोलायला एकमेकीच. ती सातवीपर्यंत शिकलेली. मी अंगठा उठवायचे. साड्या आणणाऱ्या माणसासमोर मी अंगठा पुढे केला की ती माझा हात मागे ओढायची. तिनंच मला सही शिकवली, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. पुढचं मग मी तुझ्या आईच्या पुस्तकांतून, दुकानांच्या पाट्यांवरून शिकत गेले. पण सही तिची.

ते लोक बौद्ध, आपण वेगळे. सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलायचं नाही. बोलायचं नाही म्हणजे चौकात बोलायचं नाही. घरात बोलायचे.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं सोसायटीचा कॉमन प्लॉट मागितला. तो प्लॉट तुला माहीत आहे, तू तिथंच सायकल शिकलीस. हळदी, बारशी, नवरात्रीचा गरबा, सगळं तिथंच व्हायचं आणि होतं. मागायचीही गरज नसायची, नुसतं सांगायचं. पण तिनं सांगितलं तेव्हा आमचे आबा म्हणाले, सभा घेऊ.

आबा म्हणजे माझे जेठ, तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ. तेव्हा सोसायटीचे प्रमुख. आम्हाला गावाहून आणलं त्यांनी, लूमवर लावलं त्यांनी, हे घर मिळवून दिलं त्यांनी. वाईट माणूस म्हणून सांगत नाही. तुझी आई तापानं फणफणली तेव्हा रिक्षा मिळेना, त्यांनी तिला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला. पण सभेच्या आदल्या दिवशी आमच्याच घरात चहा पिताना ते म्हणाले, "एकदा त्यांचं झालं की मग सगळंच त्यांचं इथं होत राहील." मी कपबशी उचलत होते. ती विसळून ठेवली.

सभेला घरटी एक मत. तुझ्या आजोबांची दिवसपाळी होती. डबा घेऊन निघताना म्हणाले, "माझ्या जागी तू बस. आबांकडे बघ, ते करतील तसं कर."

ती पुढच्या रांगेत बसली होती. मी दोन रांगा मागे. आबांनी जातीचं नावही काढलं नाही. म्हणाले, प्लॉटवर नवे ब्लॉक बसवलेत, ते खराब होतात, तर या वर्षी खाजगी कार्यक्रमाला प्लॉट द्यायचा नाही, असा ठराव मांडतो. कोण कोण बाजूनं आहे, हात वर करा. आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांकडेच पाहिलं असेल, पण मला वाटलं माझ्याकडे.

मी हात वर केला.

तिच्या मुलीचं लग्न मग उधन्याच्या एका हॉलमध्ये झालं. तिनं मला पत्रिका दिली, साडी दिली, मी गेले, जेवले, फोटोत उभी राहिले. तिच्या वागण्यात तसूभर फरक नाही. दुपारी मधलं दार उघडं, साडी पसरलेली. दोन वर्षांनी तिच्या मुलाला इच्छापोरला कारखान्यात काम लागलं, तेव्हा ती तिकडे राहायला गेली. म्हणाली, मुलाला जाणं-येणं लांब पडतं. मी मान हलवली. तिनं माझा वर गेलेला हात पाहिला होता का, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं मी तिला फोनवर गुडघ्याचं दुखणं सांगत आले.

आता तुला कळलं, मी "बिचारा" कोणाला म्हणाले ते?

तर तू फोन ठेवलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. नवा मुलगा आहे, सगळ्या म्हाताऱ्यांना "बा", म्हणजे आई, म्हणतो, स्वभावानं गोड आहे. मी म्हटलं, "मला जुनं ठरावबुक बघायचंय. त्यात कोणी कसं मत दिलं ते लिहिलेलं असेल ना?" तो म्हणाला, "बा, एवुं कोण लखे?" असं कोण लिहितं म्हणे. पण कपाटातून काढून दिलं. गुजरातीत लिहिलेलं, मी बोट ठेवून ठेवून वाचलं. सापडला ठराव. शेवटी लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर. खाली हजर असलेल्यांच्या सह्या. माझी सही, ओळीच्या वर चढलेली. आणि तिची सही. सरळ, स्वच्छ, सातवी शिकलेल्या बाईची.

मला बराच वेळ लागला, मग लक्षात आलं. ती हजर होती म्हणून तिनं सही केली. आणि खाली सर्वानुमते. म्हणजे पुस्तकाप्रमाणे स्वतःच्या मुलीच्या लग्नाला जागा न द्यायला तिचीही संमती होती.

मी पुढची पानं उलटली. तीन पानांनंतर दुसरा ठराव. कार्यक्रमांना प्लॉट पुन्हा खुला. सर्वानुमते. त्याच महिन्यात आबांच्या चुलत पुतण्याची हळद तिथं झाली होती, मीच मेहेंदी काढली होती.

मग मी इच्छापोरला गेले. दोन बस बदलून, तापीचा पूल ओलांडून. सांगून गेले नव्हते. ती दारात मेथी निवडत बसली होती. केस सगळे पांढरे झालेत तिचे.

"काबर उनी वं माय, न सांगता कशी आलीस?" म्हणाली. "कोणी मेलं का?"

"तुझ्या तोंडात चांगलं कधी येणार?"

"दोन बस बदलून तू चांगलं सांगायला येणार नाहीस. बस. मेथी निवड."

मी मेथी निवडायला लागले. अर्धी जुडी झाली. शेवटी मान खाली घालूनच म्हणाले, "त्या सभेत मी हात वर केला होता."

ती म्हणाली, "ती काडी जाड आहे, टाक ती."

"ऐकलंस का?"

"तेव्हाच ऐकलं होतं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "माले माहीत व्हतं. मी मागे वळून नाही बघितलं. तुझ्या बांगड्या वाजल्या."

आदल्या आठवड्यात आम्ही दोघी उधन्याला गेलो होतो. तिनं हट्टानं मला हिरव्या बांगड्या भरायला लावल्या होत्या, दोन्ही हात भरून, पोरीच्या लग्नात मिरव म्हणून. त्या मी विसरून गेले होते. ती नव्हती विसरली.

मी रडायला लागले, तर ती चिडली. "माझ्या घरात रडू नकोस. सून येईल, तिला वाटेल मी तुला काही बोलले."

"बोल ना. बोल काहीतरी."

"काय बोलू? आबांना काय बोलू, तुझ्या मालकांना काय बोलू? ते माझे कोणी नव्हते. तू आता मेथीसमोर सांगतेस. हात कुठे वर केला होतास, इथं का?"

मग तिनं जेवायला वाढलं. बसपर्यंत सोडायला आली. मी खिडकीशी बसले, ती तोपर्यंत वळली होती.

गेल्या रविवारी सोसायटीची सभा होती, पाण्याच्या टाकीची. त्याच प्लॉटवर. आबा आता ऐंशीच्या पुढे गेलेत, त्यांना खुर्ची दिली होती. तुझा मामा माझ्या शेजारी. टाकीचं झालं, आणि सेक्रेटरी म्हणाला, "बीजुं कंई?", आणखी काही आहे का, तेव्हा मी उभी राहिले. मामा पदर ओढायला लागला. "आई, बस ना."

मी म्हणाले, अमुक ठराव सर्वानुमते झाला असं लिहिलंय, ते खरं नाही. जिच्या घरचं लग्न होतं ती त्याला तयार नव्हती. मी हात वर केला होता आणि मी चूक केली. माझ्या नावानिशी लिहा.

कोणीतरी मागे हसलं. सेक्रेटरी म्हणाला, "जूनी वात छोडोने, बा. झालं ते झालं. जुनं पान बदलता येत नाही."

"आजच्या पानावर लिही मग."

"आजच्या पानावर लिहायचं तर कोणीतरी टेको द्यायला पाहिजे," तो म्हणाला. टेको म्हणजे अनुमोदन. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "कोण देणार?"

मी मामाकडे पाहिलं. तो चपलेकडे बघत होता. मी त्याला दोष देत नाही, आबांच्या नातवाच्या हाताखाली त्याची नोकरी आहे. माझी जाऊबाई समोर बसली होती, तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. आबा म्हणाले, "तुझा नवरा असता तर तू उभी राहिली असतीस का?" मी म्हणाले, "नसते राहिले, आबा." खोटं कशाला बोलू? त्यांनी मान फिरवली.

सेक्रेटरी पेन हातात धरून थांबला होता. मग त्यानं लिहिलं. मी जवळ जाऊन वाचलं. माझं नाव, मी म्हटलेलं, आणि खाली, टेको आपनार: कोई नहीं. त्या पुस्तकात पहिल्यांदाच सर्वानुमते नव्हतं. मी त्याखाली सही केली. फोटो काढून घेतला.

आज पाच दिवस झाले, आबांच्या घरून कोणी आलेलं नाही. काल त्यांच्याकडे सत्यनारायण होता, प्रसाद सगळ्या गल्लीत गेला, आपल्या दारावरून पुढे गेला. मामा माझ्याशी जेवणापुरतं बोलतो. होईल हळूहळू, किंवा नाही होणार.

सभेच्याच दुपारी मी इच्छापोरला तिला फोन केला आणि ते पान वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

"कोणीच नाही?" म्हणाली.

"कोणीच नाही."

मला कुकरची शिट्टी ऐकू आली तिच्याकडची. मग म्हणाली, "एकटीचं नाव वहीत कसं दिसतं गं?"

"लहान दिसतं," मी म्हणाले.

"सही नीट केलीस का? का ओळीवर चढवलीस परत?"

"चढली जराशी."

"बघायला पाहिजे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. येते म्हणाली नाही. पण बघायला पाहिजे म्हणाली.

आता तुझ्या खासदाराचं. तू म्हणालीस ना, तो दर आठवड्याला गावातल्या वाचनालयात बसतो, कोणीही जाऊन भेटावं म्हणून. तू जा. ते पत्र लिहून ठेवलंयस, त्यात रागाचं जे आहे ते राहू दे, ते खरं आहे. तो चुकला, त्याचं मत त्याच्या नावावर राहील, राहायलाच पाहिजे. तू मला वाचून दाखवलंस तसं त्यालाही वाचून दाखव, समोर बसून. माझी मैत्रीण मला इतकी वर्षं काही बोलली नाही, म्हणून मी इतकी वर्षं जेवत राहिले, झोपत राहिले. तू त्याला तसं सोडू नकोस. आणि मग एवढं विचार, त्या बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दिवशी तो दुसऱ्या दारानं गेला, तेव्हा त्याच्यासोबत त्या दारातून कोण चाललं होतं. त्याला काय आठवतं ते ऐक, मग तुझ्या वर्षांचं विचार. तो बदलेल असं मी म्हणत नाही. त्याला पक्ष आहे, आबांसारखाच कोणीतरी त्यालाही असेल, ज्यानं त्याला कधीतरी खांद्यावर उचललं असेल. पण विचारणारं कोणीतरी समोर बसलं पाहिजे.

तुझी वर्षं वाढोत की न वाढोत, रजा मिळाली की इकडे ये. दिवाळीची वाट बघू नकोस, माझे गुडघे थांबणार नाहीत. तू आलीस की दोघी मिळून इच्छापोरला जाऊ आणि तिला घेऊन येऊ. माझ्या एकटीच्या सांगण्यावर ती येईल असं मला वाटत नाही, पण तुला भाकर खाऊ घातलीय तिनं, तुला नाही म्हणणार नाही. तिला ते पान दाखवायचंय, प्लॉटवर बसवून. मधलं दार मी धुऊन ठेवलंय. लवकर ये.